छत्तीस घरांची शाळा

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि राजवाड्यातसुद्धा वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच होती. त्या काळी एका राज्यावर एक राणी राज्य करत होती. तिला स्वतःला लहानपणी कुणी वाचायला शिकवलं नव्हतं आणि ती सल तिच्या मनातून जात नव्हती. म्हणून गादीवर बसताच तिने दवंडी पिटवली, "गावोगावी लहान मुलांची शाळा निघालीच पाहिजे!"

दवंडी पिटणं सोपं असतं हो. पण शिकवायला माणसं कुठून आणायची? ज्याला चार अक्षरं येत होती, त्याला धरून गुरुजी केलं गेलं. नदीकाठच्या एका गावाच्या वाट्याला आले ते राणीच्या धान्यकोठाराचे जुने कोठावळे.

माणूस सज्जन, कामाला वाघ. तीस वर्षं त्यांनी कोठार सांभाळलं होतं. गव्हाची कणगी गव्हाच्या जागी, हरभऱ्याची हरभऱ्याच्या जागी. डोळे मिटून हात घातला तरी हवं तेच धान्य ओंजळीत यायचं. "जिथल्या तिथे," हा त्यांचा मंत्र होता, आणि या मंत्राने जगातलं कुठलंही काम होतं अशी त्यांची खात्री होती.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. गावच्या धर्मशाळेच्या ओसरीवर पाच-सहा-सात वर्षांची छत्तीस मुलं जमली. एक रडत होतं, दोघं एकमेकांच्या उरावर बसली होती, आणखी एकाने बरोबर कोकरू आणलं होतं, आणि एक पोर खांबाला मिठी मारून "मी घरी जानार" असं सुरात म्हणत होतं. गुरुजींना घाम फुटला. कणग्या कधी रडत नाहीत आणि जागा सोडून पळतही नाहीत.

त्या दिवशी गुरुजी घरी गेले ते विचार करतच. छत्तीस मुलं. क पासून ज्ञ पर्यंत अक्षरंही छत्तीसच. गुरुजी अंथरुणात ताडकन उठून बसले. तुम्हीआम्ही म्हणू, योगायोग. गुरुजी म्हणाले, देवाची योजना!

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरी शेणाने सारवून घेतली. तिच्यावर गेरूने चौकोन आखले, सहा ओळी, दर ओळीत सहा. त्या चौकोनांना त्यांनी नाव दिलं 'घर'. दर घरात एक अक्षर, सुबक, वळणदार. ज्या क्रमाने मुलं आली, त्या क्रमाने त्यांना घरं मिळाली. मेंढपाळाची येसू पाचवी आली, तिला ङ मिळालं. तिच्या आधी आलेल्या हैबतीला घ. कुंभाराची तुळी सत्ताविसावी, तिला र.

मग गुरुजींनी नियम सांगितले. आपलं घर सोडायचं नाही. आपल्या पाटीवर आपलंच अक्षर गिरवायचं. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. आणि उत्तर देताना हात जोडून स्तब्ध उभं राहायचं, गुरुजी 'बस' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

महिनाभरात ओसरीचा कायापालट झाला. सकाळी घाटावर हातपाय धुऊन मुलं रांगेने येत आणि आपापल्या घरात बसत. घंटा झाली की पहिलं मूल उठे, "क!" दुसरं उठे, "ख!" तिसरं, "ग!" अशी ती अक्षरं ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धडाधड वाजत जात. कुणी आजारी असलं, कुणी मामाच्या गावाला गेलं, तर त्या रिकाम्या घराचं अक्षर गुरुजी स्वतः म्हणत. साखळी कधी तुटू दिली नाही त्यांनी.

त्याहून नवलाची होती शब्दांची रीत. गुरुजी हातातली वेताची काठी घेऊन घराघरांतून फिरत. काठी हळूच एका डोक्याला लागे, "क!" दुसऱ्या डोक्याला, "म!" तिसऱ्या डोक्याला, "ळ!" आणि सगळी शाळा एका आवाजात ओरडे, "कमळ!" गवत, नगर, बदक, शहर, अशा कानामात्रा नसलेल्या सगळ्या शब्दांचा त्या शाळेने फडशा पाडला.

रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकत. म्हातारेकोतारे कट्ट्यावर येऊन बसत. "काय ती शिस्त! काय तो आवाज! आमची पोरं पंडित झाली," असं म्हणत ते अभिमानाने मान डोलवत. गुरुजी वरवर 'छे छे' म्हणत, पण मनातून त्यांना गुदगुल्या होत.

एकदाच काय ती शंका निघाली. तुळीची आई शाळेसाठी पाण्याचा माठ घेऊन आली होती. माठ ठेवता ठेवता ती म्हणाली, "गुरुजी, राग नका मानू. आमची तुळी घरी नुसतं र, र, रच करती बघा. चुलीपाशी र, मातीत र. म्या म्हनलं, बाये, दुसरं काय शिकवत न्हाईत व्हय?"

गुरुजी हसले. "अहो, ती र च्या घरात आहे. तिने र च म्हणायला हवं. कणगीत गहू असेल तर हरभरा कसा निघेल?"

बिचारीला काय कळणार? गुरुजी म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं मनाशी म्हणत ती गेली. आणि गुरुजींच्या मनातही त्या प्रश्नाला जागा नव्हती, कारण तिथे सगळ्या जागा आधीच भरलेल्या होत्या.

शाळेत एकच डोकेदुखी होती, ती म्हणजे येसू. आता तुम्हीच सांगा, ङ चा कुठला शब्द तुम्ही बोलता? बारा महिने झाले, पण गुरुजींची काठी त्या पोरीच्या डोक्याला एकदाही लागली नाही. सकाळी एकदा "ङ!" म्हणायचं आणि दिवसभर गप्प बसायचं, एवढंच तिचं शिक्षण. मग ती वेळ घालवायला इकडेतिकडे बघे. डावीकडे डोकवे, उजवीकडे डोकवे, दुसऱ्यांची अक्षरं बोटाने आपल्या मांडीवर काढून बघे. गुरुजींनी तिला कितीदा तरी दटावलं. दोनदा छडीही मारली. "आपलं घर सोडून लोकांच्या घरात कसली गं डोकावतेस?"

वर्ष सरलं आणि एके दिवशी निरोप आला की राणीसाहेबांचे अमात्य शाळा पाहायला येत आहेत. जी शाळा सर्वांत उत्तम ठरेल, तिचे गुरुजी सगळ्या राज्याच्या शाळांचे प्रमुख होतील.

गुरुजींची झोपच उडाली. त्यांनी गेरू पुन्हा उजळला. माठांना नवी फडकी बांधली. आणि येसूच्या आईला बोलावून सांगितलं, "दहा-पंधरा दिवस पोरीला घरीच ठेवा. पाहुण्यांसमोर डोकवाडोकवी करील, तर शाळेची अब्रू जाईल." येसू दुसऱ्या दिवसापासून बापामागे मेंढ्यांकडे जाऊ लागली.

अमात्य आले. साखळी वाजली, ङ गुरुजींनी स्वतः म्हटला. मग काठी फिरली आणि शब्दांमागून शब्द बाहेर पडले. अमात्यांनी बरीच राज्यं पाहिली होती, पण इतकी लहान मुलं अशी सुटलेल्या बाणासारखी वाचताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते थक्क झाले. "गुरुजी, राणीसाहेबांना मी काय सांगू? शब्द नाहीत माझ्यापाशी!" असं म्हणून ते निघून गेले. गावाने गुरुजींना खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

आता ऐका. इथून पुढची गोष्ट सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

चार दिवसांनी पहाटे एक घोडेस्वार गुरुजींच्या दारात आला. अमात्यांचा निरोप होता. वरच्या धरणाचा बांध फुटला होता आणि पुराबरोबर एक मोठी मगर वाहत खाली आली होती. ती याच गावाच्या डोहाच्या आसपास दिसली होती. शिकारी निघाले होते, त्यांना पोचायला दोन दिवस लागणार होते. "बाकीच्या गावांत घाटावर ढोल घेऊन पहारेकरी बसवलेत," स्वार म्हणाला. "पण अमात्य म्हणाले, तुमच्या गावाला पहाऱ्याची गरज काय? तिथली पोरंसुद्धा वाचतात. घाटावर एक फळी लावली म्हणजे झालं."

एवढं बोलून स्वार पुढच्या गावाला गेला.

गुरुजींच्या छातीत अभिमान मावेना. त्यांनी एक रुंद फळी घेतली, तिच्यावर गेरूने आपल्या सर्वांत देखण्या वळणात तीन अक्षरं लिहिली, 'मगर', आणि उजाडता उजाडता ती घाटाच्या पायरीशी रोवली.

त्यांनी पाटलाला सांगायला हवं होतं. गुरवाला सांगायला हवं होतं. चार घरांची कडी वाजवली असती, तरी सूर्य वर यायच्या आत बातमी गावभर झाली असती. पण गुरुजींच्या मनात वेगळंच होतं. मी कशाला सांगू? माझी मुलं येतील, फळी वाचतील, धावत घरी जातील आणि आईबापांना सांगतील. आज सगळ्या गावाला कळेल, शाळा म्हणजे काय चीज असते! असं म्हणून ते उंबराच्या बुंध्याआड उभे राहिले. त्यांना तो सोहळा डोळे भरून बघायचा होता.

मुलं आली. पुढे हैबती होता. तो फळीपाशी थांबला. गुरुजींनी श्वास रोखला. हैबतीने फळीकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "यात माझं न्हाई." आणि पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून बसला.

गुरुजींना वाटलं, पोरगं थट्टा करतंय.

मागून ट च्या घरातला विसू आला. त्यानेही पाहिलं. "माझं बी न्हाई," असं म्हणत तो हैबतीच्या शेजारी बसला. मग तुळी आली. तिने फळी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "माझं हाय!" ती टाळी वाजवून म्हणाली, आणि उड्या मारत पायऱ्या उतरून थेट गुडघाभर पाण्यात गेली.

गुरुजी झाडाआडून बाहेर पडले. त्यांना काही समजेना. ते ओरडले, "अरे, काय करताय? फळी वाचा! तुळे, फळी वाच आधी!"

गुरुजींचा आवाज ऐकताच तुळी वळली. शाळेत शिकवलं होतं तसे तिने हात जोडले, पाण्यात स्तब्ध उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "र!"

"पुढचं? अगं, सगळं वाच ना!"

तुळीने गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "पण गुरुजी, माझं एवढंच हाय. म आन् ग आज आलं न्हाईत. ते लग्नाला गेल्यात."

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. म आणि ग आज आले नाहीत! तीन अक्षरं डोळ्यांसमोर होती, तीन मुलं समोर होती आणि एकाही मुलाला तो शब्द दिसत नव्हता. एवढ्याशा त्या क्षणात गुरुजींना सगळं वर्ष दिसलं. आणि त्याच क्षणात तुळीच्या मागे पाणी हललं.

"मगर!" गुरुजींनी शेवटी तोंडाने तो शब्द उच्चारला. "मगर आहे! पळा!"

हैबती आणि विसू किंचाळत पायऱ्या चढले. तुळी मात्र हलली नाही. हात जोडून तशीच उभी राहिली. गुरुजी अजून 'बस' म्हणाले नव्हते.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. पाण्यातून काळंभोर तोंड वर आलं आणि तुळीच्या परकरावर, पोटरीवर मिटलं. गुरुजींनी अंगरख्यासकट उडी घेतली. त्यांनी पोरीला काखेखालून धरलं आणि जिवाच्या आकांताने ओढलं. हैबती आणि विसू परत फिरले आणि त्यांनी गुरुजींच्या धोतराचा सोगा धरून मागे खेचायला सुरुवात केली. एका बाजूला ते तिघं, दुसऱ्या बाजूला ते जनावर. परकर टर्रकन फाटला. जबड्यात चिंध्या राहिल्या आणि तुळी गुरुजींच्या अंगावर येऊन पडली. तिची पोटरी फाटली होती. पायरी लाल झाली होती.

दैव बलवत्तर म्हणून पोर वाचली. गाव धावत आलं. वैद्यांनी जखम शिवली, पाला बांधला आणि सांगितलं, "जीव राहील. पाय मात्र पूर्वीसारखा राहणार नाही."

तुळीच्या आईने गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. "देवासारखं आलात हो," असं म्हणत ती रडली. पाटलाने सगळ्यांदेखत गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला. मगरीच्या तोंडातून लेकरू ओढून काढणारा गुरुजी! फळीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्यावर काय लिहिलंय हे गावात कुणाला वाचता येत होतं?

गुरुजींनी ती फळी उपटली, काखेत मारली आणि ओल्या कपड्यांनिशी शाळेत गेले. आरडाओरडा ऐकून घाटावर न उतरता थेट शाळेत आलेली बाकीची मुलं आपापल्या घरात बसून वाट बघत होती.

गुरुजींनी फळी उभी केली आणि एकेकाला एकट्याने पुढे बोलावलं.

"वाच."

"माझं न्हाई यात, गुरुजी."

"तू वाच."

"माझं बी न्हाई."

मग त्यांनी ज च्या घरातल्या मुलाला उचलून प च्या घरात बसवलं. "आता हे काय आहे?" मूल भेदरलं. त्याने समोरच्या अक्षराकडे पाहिलं आणि ते रडवेल्या आवाजात म्हणालं, "हे माझं घर न्हाई. मला माझ्या घरी जाऊ द्या." गुरुजींनी दुसऱ्याला हलवलं, तिसऱ्याला हलवलं. सगळीकडे तेच. बारा महिने घसा फोडून शिकवलं होतं, आणि प्रत्येक मुलाच्या पदरात एकेक अक्षर पडलं होतं. शाळा वाचत होती. शाळेतलं एकही मूल वाचत नव्हतं.

गुरुजी मटकन खाली बसले. एवढ्यात ओसरीच्या कडेला काही हललं. मेंढ्या घेऊन येसू चालली होती. मगरीची बातमी अजून तिच्या कानावर आली नव्हती. फळी दिसली म्हणून ती थांबली होती आणि खांबाआडून फळीकडे टक लावून बघत होती.

"मगर," ती पुटपुटली.

गुरुजींनी झटकन वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

येसू दचकली. दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले. "न्हाई गुरुजी. चुकलं माझं."

"चुकलं नाही. परत म्हण. हे काय लिहिलंय?"

"म... ग... र. मगर."

"तुला कुणी शिकवलं?"

"कुनीच न्हाई. शप्पत! मी नुसती बघत व्हते. परत न्हाई बघनार."

अख्ख्या शाळेत फक्त ही पोर शिकली होती, आणि शिकल्याबद्दल गुरुजींनी तिला छडी मारली होती. आज सकाळी ती घाटावर असती, तर फळी वाचून ओरडली असती. पण ती नव्हती, कारण शाळेची अब्रू जाईल म्हणून त्यांनीच तिला घरी बसवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच नव्हता. नुसता अंधार होता आणि लोक त्याला दिवा म्हणून नमस्कार करत होते.

आठव्या दिवशी अमात्य परत आले. शिकाऱ्यांनी मगर मारली होती आणि गुरुजींच्या शौर्याची कथा राजधानीपर्यंत पोचली होती. बरोबर पालखी होती, शाल होती, प्रमुखपदाची सनद होती. धर्मशाळेसमोर सगळा गाव जमला. ढोल वाजत होते.

"गुरुजी," अमात्य म्हणाले, "राणीसाहेब इतक्या खूष आहेत, की त्यांनी आणखी दहा गावांत तुमच्यासारखी घरं आखायचा हुकूम दिलाय. गेरूसुद्धा रवाना झाला!"

गुरुजींनी डोळे मिटले. गप्प राहिले असते तर? कुणाला कळलं असतं? शाल मिळाली असती, पालखी मिळाली असती, जन्माचं सोनं झालं असतं. आणि दहा गावांत दहा घाट होते.

त्यांनी शाल दूर सारली. "अमात्य, ढोल थांबवा. मला बोलायचंय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काठी कशी डोक्यांवरून फिरायची, रिकामी घरं ते स्वतः कशी भरायचे, येसूला का घालवलं, सगळं. ऐकता ऐकता अमात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी स्वतः पाहिलं होतं! माझ्या कानांनी ऐकलं होतं!"

"तुम्ही शाळेला विचारलंत," गुरुजी म्हणाले. "मुलाला विचारलं नाहीत. मीही नाही विचारलं."

मग ते तुळीच्या आईकडे वळले. "बाई, त्या दिवशी मगर आहे हे मला पहाटेच कळलं होतं. मी तोंडाने कुणाला सांगितलं नाही. मुलं वाचून दाखवतील, गाव वाहवा करील, म्हणून झाडाआड उभा राहिलो. तुझ्या लेकीला मी वाचवलं नाही. मीच तिला पाण्यात उभं केलं."

लोकांनी आ वासला. गुरुजींच्या पाठीवरचा पाटलाचा हात खाली आला. कुणीतरी दगड उचलला आणि तो तसाच हातात राहिला. तुळीची आई गुरुजींकडे पाहत राहिली, जणू या माणसाला ती पहिल्यांदाच बघत होती.

"तुम्हास्नी ठावं व्हतं?" ती हळूच म्हणाली.

"हो."

मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "माझी पोर तीन म्हैने खाटंवरनं उठायची न्हाई. ती शाळंला येनार न्हाई, तवा शाळा तिच्याकडं आली पायजे. रोज या आन् तिला शिकवा. सगळं शिकवा. एक अक्षार बी सोडलंत, तर माझ्या दारात पाय ठिवू नका."

अमात्यांनी सनद फाडली. दहा गावांकडे दहा स्वार पिटाळले आणि गेरूचं काम थांबवलं. राणीने त्यांना विचारलं की शाळा कशी तपासलीत, तेव्हा त्यांना मान वर करता आली नाही. पालखी रिकामी परत गेली.

गुरुजींनी त्याच दिवशी ओसरी पुन्हा सारवली. घरं पुसली गेली. मुलं आता जागा मिळेल तिथे बसू लागली, रोज निराळ्या जागी, कधी गोल करून, कधी झाडाखाली. कुणाला कधी काय विचारलं जाईल, याचा नेम नव्हता. येसूला डोकवायला मोकळीक होती, इतकंच नव्हे, बाकीच्यांनी कसं डोकवायचं हे ती त्यांना शिकवत होती. गोंगाट इतका होई, की म्हातारेकोतारे कट्ट्यावरून उठून जात. "शाळा म्हणायची की आठवड्याचा बाजार?" असं ते कुरकुरत. आता कुणी वाहवा करायला थांबत नसे.

शाळा सुटली की गुरुजी कुंभारवाड्यात जात. तुळीच्या खाटेशी बसत. तीस वर्षं कोठारात आणि एक वर्ष शाळेत घालवल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर एकच मूल होतं, आणि लपायला काठी नव्हती, साखळी नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या पाटीवर 'म' काढला आणि तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. तुळीने बोट झटकन मागे घेतलं.

"का गं? काय झालं?"

"ते दुसऱ्याचं हाय, गुरुजी," तुळी घाबरून कुजबुजली. "मी काढलं, तर मला मारनार न्हाई ना?"

गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्या दिवशी घाटावर त्यांना धक्का बसला होता, शाळेत बसला होता, पण याच्यापुढे ते सगळे धक्के काहीच नव्हते. आपण या लेकराला काय शिकवलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं.

"नाही गं बाळ," ते कसंबसं म्हणाले. "हे तुझंच आहे. सगळी तुझीच आहेत."

तुळीने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, थट्टा तर नाही ना हे ताडून घेतलं, आणि मग भीत भीत, एकटीने, तो 'म' गिरवला.

तुळी पुढे जन्मभर लंगडत चालली. गुरुजींना पुन्हा कधी शाल मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. पण त्यानंतर त्या गावातून जे मूल शाळा शिकून बाहेर पडलं, ते एकटं कुठेही गेलं तरी समोरचं वाचू शकत होतं.

तात्पर्य: शंभर तोंडांनी एका सुरात म्हटलेला धडा कानाला गोड लागतो, पण शिकवलं ते खरं, जे प्रत्येक लेकराला एकट्याने येतं.